मातीत जिरणारा पेपर

डॉ. म्हाळसा महिपती हगारे हिच्याबद्दल बारामतीत दोन गोष्टी सांगितल्या जातात. एक, ती कंपनीला विकली गेली. दुसरी, तिनं कंपनीचं वाटोळं केलं. सांगणाऱ्यांतला एकही त्या सुनावणीला हजर नव्हता. मी होते. लोकांचे अर्ज-जबाब मी लिहून देते, त्या सुनावणीचे कागदही मीच केले होते. म्हणून काय झालं ते लिहिते, आणि ज्याला पटणार नाही त्यानं भिगवण रोडला येऊन माझ्याशी भांडावं.

म्हाळसाचा जन्म मुळशीच्या बाजूला, मेंढरांच्या तळावर. दिवाळीनंतर कळप तिकडं जायचा, आई भरल्या दिवसांनी घोड्यामागं चालत होती. म्हाळसा पाचवीत गेली तशी बाप महिपतीनं आपल्या वाट्याची मेंढरं काढली आणि अंथुर्ण्याला कालव्याच्या पाण्यावर टोमॅटो, दोडका धरला. कळप राहिला चुलत्याकडं, गेणबाकडं. पोरगी मात्र सुट्टी लागली की गेणबातात्याच्या मागं रानात. बारामतीला बी.एस्सी. केली ती रोज एसटीनं जाऊन येऊन. पुढं पुण्यात एका मोठ्या प्रयोगशाळेत पीएच.डी., सहा वर्षं. मग कोरियात दोन वर्षं.

तिकडनं आली तेव्हा मी विचारलं होतं, "म्हंजी तू करतीस काय दिवसभर?"

"बारक्या बारक्या रेणूंना एकमेकांचा हात धरायला लावते, अक्का. हजारो जण ओळीनं उभे राहिले की लांब साखळी होते. त्याला पॉलिमर म्हणतात. प्लास्टिक तेच, रबर तेच. लोकरसुद्धा तेच."

"मग मेंढरू बी तुझंच काम करतंय की."

"मेंढरू चांगलं करतं. त्याला सहा वर्षं लागत न्हाईत."

तेव्हा ती हसायची.

परत आल्यावर तिला एमआयडीसीतल्या एका कंपनीनं घेतलं. काम होतं मल्चिंग पेपरचं. आपल्याकडं कलिंगड, मिरची, टोमॅटो, सगळं बेडवर, म्हणजे वाफ्यावर, तण उगवू नये म्हणून प्लास्टिकचा पेपर अंथरूनच होतं. तो काळा पेपर पीक निघालं की मजूर लावून ओढून काढायचा, बांधावर ढीग घालायचा, पेटवायचा. धुराचा वास सणसरपासून अंथुर्ण्यापर्यंत. म्हाळसानं चार वर्षं खपून दुसरा पेपर केला. मक्याचा स्टार्च, त्यात मातीत कुजणारा एक पॉलिमर, मऊपणा यावा म्हणून ग्लिसरीन. नुसता स्टार्च आपल्या उन्हात महिन्यात फाटतो, म्हणून तिनं चिकणमाती घेतली, तिचे इतके पातळ पापुद्रे सोडवले की केसाच्या जाडीत हजारो मावतील, आणि ते त्यात पसरले. नॅनो म्हणतात ते हे. त्या मातीवर करायची प्रक्रिया तिची स्वतःची होती. पेटंटवर नाव कंपनीचं, पण खाली शोधकर्ती म्हणून तिचं होतं. महिपतीनं त्या कागदाची झेरॉक्स लॅमिनेट करून घेतली.

पेपर काढायचा नाही, नांगरून टाकायचा. सोबतच्या पत्रकातलं मराठी म्हाळसानं स्वतः लिहिलं होतं, सोपं, शेतकऱ्याला कळेल असं. "पीक निघाल्यावर पेपर रानातच राहू द्या. पंधरा-वीस दिवसांनी नांगरा. मातीत जिरतो."

आता इथं काय चुकलं ते बारामती-इंदापूरच्या माणसाला मी सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. आपल्याकडं पीक निघालं की रान रिकामं पडत नाही. शेतकरी धनगराला निरोप धाडतो, मेंढरं बसवायला या. कळप वेल-पाला खातो, मुक्काम करतो, लेंडी-मूत रानात पडतं. शेतकऱ्याला खत, धनगराला चारा आणि वर धान्य. काळा पेपर असायचा तेव्हा आधी पेपर निघायचा, मग मेंढरं यायची. नव्या पेपरात काढायचं कामच गेलं. पेपर रानात, वेल पेपरावर, आणि मेंढरं वेलावर. त्यात स्टार्च आणि ग्लिसरीन. ग्लिसरीन गोड लागतं.

मार्चमध्ये सणसरच्या लखननं नव्या पेपरावरचं कलिंगड काढलं आणि गेणबाला बोलावलं. एकशे चाळीस मेंढरं तीन मुक्काम बसली. गेणबा मला नंतर म्हणाला, "चाटत हुती गं कडंला. मला वाटलं, खतानं खारं झालं आसल." आठव्या दिवशी मेंढरांनी रवंथ करायचं सोडलं. मग एकेक पडायला लागली. एकतीस गेली. सरकारी डॉक्टरांनी तीन फाडून बघितली आणि लिहिलं ते खरं लिहिलं, पोटात प्लास्टिकसारखा घट्ट गोळा. कुठलं प्लास्टिक, ते त्यांना कसं कळावं? कंपनीचा माणूस पंचनाम्याला येऊन सांगून गेला, मेंढरं गावोगाव फिरतात, उकिरड्यावर कॅरीबॅगा खातात.

गेणबानं तो गोळा धुऊन फडक्यात बांधून माझ्याकडं आणला. मी तो तसाच म्हाळसाच्या फ्लॅटवर नेला आणि टेबलावर आपटला. काय काय बोलले ते लिहीत नाही.

ती चिडली नाही, रडली नाही. तिनं फडकं सोडलं. गोळ्याचा एक पदर नखानं सुटा केला, उजेडाकडं धरला. मग विचारलं, "कुणाची मेंढरं?"

"तुझ्या गेणबातात्याची."

"किती?"

"एकतीस. अजून पडत्यात."

"बरं," ती म्हणाली. एवढंच.

तिसऱ्या दिवशी फोन आला. पुण्याच्या जुन्या प्रयोगशाळेत जाऊन तिनं मशीनवर तुकडा तपासला होता. त्यात ती माती होती, तिच्याच प्रक्रियेची, ती दुसऱ्या कुणाच्या पेपरात सापडत नाही. "माझाच आहे, अक्का." दळणाचा नंबर लागला असं सांगावं तसल्या आवाजात.

गेणबाच्या भरपाईच्या अर्जावर कंपनीकडून अहवाल तिनंच द्यायचा होता, आणि साहेबांनी तिला सांगितलं होतं, नमुना पोटातल्या आम्लानं खराब झालाय, निष्कर्ष काढता येत नाही, एवढंच लिहा. चार शब्द. ते लिहिले की गेणबाची फाईल कॅरीबॅगेच्या नावानं बंद, आणि पेपर पुढच्या हंगामात आणखी गावांत. नाही लिहिले तर म्हाळसाची नोकरी जाणार, आणि या धंद्यात सगळे एकमेकांना ओळखतात, दुसरीकडं कोण उभं करणार?

मी तिच्या जबाबाचा मसुदा केला. मला कॉलेज नाही, पण कुठलं वाक्य कुणाच्या गळ्यात पडतं ते मला कळतं. मी लिहिलं, कंपनीनं पुरेशा चाचण्या केल्या नाहीत. तिनं ते खोडलं.

"चाचण्या मी केल्या. अठ्ठावन्न अंशाच्या कंपोस्टात केल्या, नियमात तसंच आहे. तिथं जिरतो. मेंढीचं पोट एकोणचाळीस."

"ते राहू दे. पण हे खाली काय लिवलंयस?"

खाली तिच्या अक्षरात होतं, "पीक निघाल्यावर रानात मेंढरं बसवतात हे मला लहानपणापासून माहीत आहे. पत्रक लिहिताना ते माझ्या डोक्यात आलं नाही."

"हे काढ."

"न्हाई."

"अगं येडे, त्यांचा वकील ह्याच्यावरच नाचंल. कोण मागतंय तुझ्याकडं हे?"

"कोणी मागत नाही."

"मग?"

"कोरियातल्या बाईनं लिहिलं असतं तर तिला माहीत नव्हतं म्हणता आलं असतं, अक्का. मला काय म्हणायचं?"

मी कागद फेकला. तिनं उचलला, सरळ केला, सही केली.

सुनावणी इंदापुरात झाली. गेणबा धोतर, पागोटं, काठी घेऊन मागच्या बाकावर. पेपर कुणी केला ते त्याला मी सांगितलं नव्हतं. तिनंही नाही. त्याला वाटलं, शिकलेली पुतणी साक्षीला आलीय. तिनं जबाब वाचला, एका सुरात, आकडे आणि मशीनचं नाव सगळं. शेवटचं वाक्यही त्याच सुरात.

कंपनीचा वकील उठला. "म्हणजे मॅडम, चूक तुमची. कंपनीची नाही."

"चूक माझी. छापली कंपनीनं, विकली कंपनीनं."

"तुम्ही विसरलात?"

"हो."

"धनगराची मुलगी असून?"

मी उठले तर शिपायानं मला बसवलं. म्हाळसा म्हणाली, "हो. असून." वकील खाली बसला.

चौकशी पुरी होईपर्यंत विक्री थांबवायचा आदेश निघाला. भरपाईचं पुढच्या तारखेला. म्हाळसाला निलंबनाचा मेल आला तेव्हा आम्ही अजून जिन्यातच होतो. तिनं वाचला आणि फोन पर्समध्ये टाकला.

बाहेर लिंबाखाली गेणबा बसला होता. ती त्याच्यासमोर उकिडवी बसली.

"त्यो कागुद तू क्येलास व्हय?"

"व्हय, तात्या."

त्यानं तंबाखू काढली, मळली, आणि तोंडात न टाकता तशीच खाली सोडली. मला वाटलं आता हाणतोय. हाणली असती तर मी मध्ये पडले नसते.

"बरं," तो म्हणाला. "ऱ्हायल्याली जगत्याल का?"

"पोटात हाय ते विरघळणार न्हाई. ज्यांच्यात थोडं हाय त्या जगतील. जास्त हाय त्यांचं पोट फाडून काढायला लागंल."

"डाक्टर म्हनला, दिसाला चार हुत्याल. जास्त न्हाय."

"मग आधी कुणाच्या, ते बघायला पाहिजे."

"चल मग."

अंथुर्ण्याच्या माळावर कळप वाघुरात, जाळीच्या कुंपणात, कोंडलेला होता. गेणबाची बायको सिंधुबाई एकेक मेंढरू धरून पुढं ओढत होती. म्हाळसानं चांगल्या साडीचा पदर खोचला, प्रत्येक मेंढीच्या डाव्या कुशीत मूठ रोवली आणि थांबली. मूठ रुतली, कुशीनं तिला परत ढकललं, म्हणजे पोट चालतंय, की सोडायची. कुशी कणकेच्या गोळ्यासारखी लागली आणि मुठीचा खड्डा तसाच राहिला, की मान हलवायची, आणि गेणबा त्या मेंढीच्या कपाळावर गेरूचा पट्टा ओढायचा. सिंधुबाई प्रत्येक पट्ट्याला विचारत होती, "हिच्याबी?" गेणबा म्हणत होता, "हिच्याबी." तिसावीपर्यंत अकरा पट्टे झाले. म्हाळसानं हात बाजूच्या गवताला पुसले आणि म्हणाली, "आणा पुढची."