चावडीवरची यादी

हातात पेन असलेल्या माणसाला आबा आपलं नाव सांगत नसत. खानेसुमारीवाला वाडीत आला की ते भातखाचरांकडे निघून जात. नावं सून सांगे. मी तालुक्याचा बातमीदार. तळेघरच्या पुढच्या त्या डोंगरवाडीत जाऊ लागलो, तेव्हा पहिली दोन वर्षं मलाही त्यांचं पूर्ण नाव कळलं नव्हतं. "आबा म्हणा की. हाक मारायला तेवढं लई झालं."

कारण विचारलं की ते पणजोबांची हकिकत सांगत. इंग्रजांच्या अमलातला दुष्काळ. लोकांनी घाटात धान्याच्या गाड्या अडवून पोती उतरवून घेतली. मग गोरा साहेब आला. त्याने गोळी झाडली नाही, चाबूक उगारला नाही. चावडीवर टेबल मांडलं आणि दवंडी पिटवली, नावं सांगा, माणशी धान्य मिळेल. पणजोबा रांगेत पहिले. गाड्या अडवल्या त्या दिवशी त्यांचा धाकटा भाऊ सासुरवाडीला होता. पण घरात एक वाटा जास्त येईल म्हणून त्यांनी त्याचंही नाव दिलं. धान्य आलं नाही. त्याच यादीवरून पोलिसांनी माणसं उचलली. भाऊ तुरुंगातच वारला. "शेरभर नाचणीपायी," आबा म्हणत. आवाज चढत नसे.

अलीकडच्या एका पावसाळ्यात वाडीवर दरड कोसळली. माणसं वाचली, खाचरं आणि वरच्या आळीतली घरं गाडली गेली. आठवडाभर कोणी फिरकलं नाही, तेव्हा लोक रस्त्यावर बसले. आबाही बसले. मग अधिकारी आले, अदबीने बोलले. शाळेत टेबल मांडलं. नावं द्या, पत्रे आणि धान्य देतो, म्हणाले. कोणी उठेना. सगळे आबांकडे बघत होते आणि आबा माझ्याकडे.

"पावणं, तुमी शिकलेलं. द्यावं का?"

"आबा, तो इंग्रज होता. हे आपलं सरकार आहे. मी आहे ना इथे."

"तुमी हाय म्हणून देतो."

ते उठले आणि वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव सांगितलं. त्यांच्यामागे सगळी वाडी रांगेला लागली.

पत्रे आले नाहीत. महिन्याभरात बेकायदा जमाव जमवल्याच्या नोटिसा आल्या. नावं शाळेतल्या रांगेच्याच क्रमाने होती, पहिलं आबांचं. मी बातमी दिली. ती आतल्या पानावर चार ओळींत लागली. यादी कशी तयार झाली, ते वाक्य कापलेलं होतं.

पहिल्या तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात आबांनी बाकावर सरकून मला जागा दिली. माझी चूक झाली, असं मी म्हणालो. 

"पणजोबाला फसवणारा परका व्हता. त्याला आमी चार पिढ्या शिव्या तरी घातल्या. तुमाला काय म्हणावं, राव?"

पुढच्या तारखेला आबा आले नाहीत. सून आली, वकिलाला द्यायला मृत्यूचा दाखला घेऊन. एरवी ती मला भाऊ म्हणत असे. आबा कशाने गेले, असं मी विचारलं.

"वकिलाला इचारा, साहेब," ती म्हणाली आणि आत गेली.