आंटीचं घड्याळ

"ओरिजिनल!" चहा जमून आला की माझा हा ऑफिसातला मित्र म्हणायचा. लालबागचा मसाला असो, शिवाजी पार्कात कुणा पोराने मारलेला ड्राइव्ह असो, आवडलेल्या प्रत्येक गोष्टीला हीच पदवी. न आवडलेल्यासाठी दुसरी होती: "रंगवलेलं." आमच्या साहेबांना ही दुसरी पदवी पहिल्याच दिवशी मिळाली आणि निवृत्तीपर्यंत टिकली.

असा एखादा छांदिष्ट तुम्हीही पाहिला असेल. याला नाद चावीच्या जुन्या घड्याळांचा. परळच्या घरात कपाटात स्विस घड्याळं आणि मनगट मात्र उघडं. वेळ मला विचारायचा. "ओरखडा पडला म्हणजे रे?"

त्याचा जीव अडकला होता तो गिरगावातल्या एका वाडीतल्या आंटीच्या घड्याळात. तिचे मिस्टर बोटीवर इंजिनिअर होते. त्यांनी हौसेने घेतलेलं ते सोन्याचं घड्याळ ते गेल्यापासून शोकेसमध्ये होतं. डायल सायीच्या रंगाची, कडेला चहासारखे डाग. त्या डागांवरच हा फिदा. जुनी डायल जशीच्या तशी असली तरच घड्याळाला मोल, वरून रंग दिला की संपलं, हे त्याने मला शंभरदा ऐकवलं होतं. वर्षानुवर्षं तो रविवारी जाऊन ते नुसतं बघून यायचा. आंटी म्हणायची, "नाताळ होऊ दे, मग बघू."

आणि एक दिवस तिचा फोन आला. ती कायमची वसईला मुलीकडे चालली होती. "येऊन घेऊन जा." एक व्यापारीही तिच्या मागे आहे, हे याच्या कानावर आलंच होतं. त्याने कपाटातली सगळी घड्याळं विकली. वहिनी त्यावर एक शब्द बोलल्या नाहीत. पुढे आठवडाभर कशावरच बोलल्या नाहीत.

त्या दिवशी त्याने मला सोबत नेलं. वाडीत शिरताना खिशातलं पाकीट सारखं चाचपत होता.

"त्या व्यापाऱ्याला दिलं असेल रे तिने."

"अरे, तिनेच बोलावलंय ना तुला?"

आत गेलो तर शोकेस रिकामी. त्याने माझा दंड इतका घट्ट धरला की मी कळवळलो.

"बस ना. केक खा आधी," आंटी म्हणाली. त्याने केकची बशी नुसती हातात धरली. मग ती गुडघ्यांवर हात ठेवत उठली आणि आतून डबी घेऊन आली.

त्याने डबी उघडली. डायल पांढरीशुभ्र. वर काळेभोर, जाडसर आकडे. डाग कुठेच नव्हते.

"दुसऱ्याच्या घरी डागाळलेली वस्तू कशी द्यायची, बाबा?" आंटी म्हणाली. "टॅक्सी करून दोनदा गेले त्या कारागिराकडे. आमच्या मिस्टरांनी आणलं ना, तेव्हा अगदी असंच होतं."

त्याचे कान लाल झाले. घरी कपाट रिकामं होतं आणि पाकीट अजून त्याच्याच खिशात होतं. ऊठ, चल इथून, मी मनात म्हणत होतो. तो घड्याळाकडे नुसता बघत राहिला. आंटीचं हसू हळूहळू मावळायला लागलं.

"नाय आवडलं?"

त्याने चष्मा पुसला. घड्याळ कानाला लावलं. मग पाकीट काढून दोन्ही हातांनी तिच्या हातात ठेवलं.

"ओरिजिनल, आंटी."

चर्नी रोडपर्यंत आलो तसा तो फुटपाथवरच थांबला आणि घड्याळ मनगटाला बांधलं. "चला, आता ओरखड्याची भीती नाही," म्हणाला आणि रडवेलं हसला. मला तो इतका आवडला नव्हता कधी.

त्यानंतर भाजी आणायलासुद्धा तो ते घालून जायचा. मला वेळ विचारणं बंद झालं.

या उन्हाळ्यात तो अचानक गेला. दिवसकार्य झाल्यावर वहिनींनी ते घड्याळ माझ्यापुढे धरलं. "भावोजी, खरं सांगा. याच्यापायी त्यांनी सगळं विकलं. फसले तर नाहीत ना ते?"

पांढऱ्या डायलच्या काचेवर आता भरपूर ओरखडे होते.

"ओरिजिनल आहे, वहिनी."

त्यांनी दोन बोटांनी चावी दिली, त्याच्यासारखंच ते कानाला लावलं, आणि कितीतरी वेळ काढलंच नाही.