शून्य नंबरचं साउंड कार्ड

बीबी गावात मी कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचो, तेव्हाची गोष्ट. घरी एका जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून तो टीव्हीला जोडला होता. टीव्हीचे स्वतःचे स्पीकर बिघडलेले, म्हणून चित्र टीव्हीवर, आवाज बाजूच्या स्पीकरमधून. पण लाइन जाऊन आली की आवाज कधी यायचा, कधी नाही.

त्या वर्षी बीटी कपाशीतही गुलाबी बोंडअळी शिरली. अळीचे सापळे कसे लावायचे, त्याचा व्हिडिओ मी पेनड्राइव्हवर आणला. बाबांनी शेजारच्या चाचांना आणि आणखी तिघांना बोलावलं. मशीन पोरानं जोडलंय, हे प्रत्येकाला सांगितलं. व्हिडिओ जेमतेम सुरू झाला आणि लाइन गेली. आली तेव्हा चित्र होतं, आवाज नव्हता. मी वायरी काढून घातल्या. सगळे माझ्याकडे बघत होते. शिकवणारा माणूस मी.

"बाबा, कितीदा सांगतलं, याले हात नका लावत जाऊ."

आपण हात लावला नाही, एवढंच बाबा म्हणाले.

"मंग आपोआप झालं काय?"

माणसं चहा न घेताच उठली.

दुसऱ्या दिवशी दोष सापडला. मशीनमध्ये दोन साउंड कार्डं होती, एक टीव्हीच्या वायरीचं, एक स्पीकरचं. सुरू होताना जे आधी जागं होई त्याला शून्य नंबर मिळे, आणि आवाज शून्य नंबरलाच पाठव असं मीच लिहून ठेवलं होतं. नंबराच्या जागी स्पीकरच्या कार्डाचं नाव लिहिलं. दहा वेळा बंद-चालू केलं, दहाही वेळा आवाज आला. बाबांना मात्र मी फक्त "झालं" म्हणालो.

त्यानंतर ते टीव्ही लावायलाही माझ्या बायकोला हाक मारू लागले. तरी खरं काय ते मी सांगितलं नाही.

महिनाभरानं चाचा सहज म्हणाले, "तुह्या बापानं सांगतलं ना मले, माह्याच हात लागला असन म्हणून."

मी तसाच शेतात गेलो. बाबा किडकी बोंडं तोडत होते. चूक माझी होती, हे सांगताना माझी मान वर होईना.

"मले मालूम होतं," ते म्हणाले. "पण चार लोकांत तू खोटा पडला असता."

मी चौघांना पुन्हा बोलावलं. एकटे चाचा आले. बाबांनी मशीनला हात लावलाच नव्हता, हे मी त्यांना आधी सांगितलं, मग व्हिडिओ लावला. आवाज स्वच्छ होता. सापळे लावायची वेळ मात्र केव्हाच निघून गेली होती.