हुबेहूब चाचा

लोणावळ्याच्या बाजारात चाचांच्या दुकानात चिक्की फक्त जाहिराती चालू असताना मिळायची. मालिका सुरू असली की चाचा मांडीवर पुठ्ठा आणि पुठ्ठ्यावर कागद घेऊन टीव्हीपुढे बसत. काउंटरवर मुंबईचं आख्खं कुटुंब ताटकळत असलं तरी मान न वळवता म्हणत, "जाहिरात लागू द्या." जाहिरात लागली की पेन कानावर आणि तराजू हातात. पाहुण्यांना वाटायचं, आत ताजी चिक्की थापतायत. आत खरं तर एक सासू सुनेला घराबाहेर काढत असायची, आणि ते उतरवून झाल्याशिवाय पाव किलो चिक्की तोलणं चाचांना शक्य नव्हतं.

चाचा मालिकांच्या आणि सिनेमांच्या कादंबऱ्या लिहीत. पुण्याचा एक प्रकाशक रीतसर परवानग्या काढून त्या छापायचा आणि त्या एसटी स्टँडवर, स्टेशनवर, गावोगावच्या जत्रांत खपायच्या. एकूण किती लिहिल्या, हे त्यांनाही सांगता येत नसे. समोरच माझं टायपिंगचं दुकान. त्यांचं मुंग्यांसारखं अक्षर कॉम्प्युटरवर मीच चढवायची. तेव्हा मराठी साहित्यात थोडा वाटा माझाही आहे, कुणी विचारत नाही ती गोष्ट वेगळी.

चाचांचं ब्रीद एकच, हुबेहूब. पडद्यावर जे दिसलं ते कागदावर. मालिकेत सासूचा चेहरा विजांच्या कडकडाटात तीनदा दाखवला, तर चाचा लिहीत, "सासूबाईंचा चेहरा. सासूबाईंचा चेहरा. सासूबाईंचा चेहरा." मी एकदा त्यातले दोन चेहरे परस्पर उडवले, तर चाचा तावातावाने रस्ता ओलांडून आले. सिनेमातल्या गाण्यांचं काय करायचं, हा प्रश्न मोठमोठ्या लेखकांना पडला असता. चाचांना पडला नाही. ते लिहीत, "यानंतर दोघांनी एक गाणं म्हटलं. ते चांगलं होतं."

पावसाळ्यात लोणावळ्याची वीज कधी जाईल याचा नेम नाही. एका खुनाच्या मालिकेत नेमकी खुनाच्या वेळी गेली. मी म्हटलं, "चाचा, लिहा काहीतरी मनाने. मेला तर आहेच तो." चाचांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी गुळात भेसळ करायला सांगितलीय. शेवटी पुस्तकात छापून आलं, "इथे वीज गेली. वीज आली तेव्हा प्रेताजवळ पोलीस उभे होते." वाचकांना तो प्रसंग फार आवडला. त्यात खुन्याची काहीतरी युक्ती आहे, असं सगळे समजले.

पुस्तकाच्या मुखपृष्ठावर मालिकेतल्या नट्या असत. चाचांचं नाव आत, छापखान्याच्या पत्त्याखाली, चष्मा लावून शोधावं लागेल एवढं. चाची डाळ निवडता निवडता म्हणायच्या, "इतकी पुस्तकं लिवली, पर त्यात तुमचं काय हाय हो?" चाचांचं उत्तर ठरलेलं होतं, "घर दुसऱ्याचं, आपन भाडेकरू. भिंतीला खिळा ठोकायचा न्हाई." बोलायचे हसून. पण चाचींच्या त्या प्रश्नानंतर त्या दिवशी चहा अर्धा टाकून उठायचे, हे मी समोरून बघायची. तो प्रश्न त्यांना लागायचा.

आणि मग ती मालिका आली. बाप आणि घर सोडून गेलेली लेक, एवढीच गोष्ट. चाचांची पुस्तकं भागाभागाने निघत, आणि जवळच्या औंढे गावच्या हिरामावशी प्रत्येक भाग घ्यायला भाजीची पाटी घेऊन थेट दुकानात येत. मालिकेच्या वेळेला त्यांच्या म्हशींची धार असे, म्हणून त्या टीव्ही बघत नसत. बोट ठेवून पुस्तक वाचत. त्यांची स्वतःची लेक मनाविरुद्ध लग्न करून गेली होती आणि घरी येत नव्हती. हे सगळ्या बाजाराला ठाऊक होतं, मावशी मात्र तो विषय काढत नसत.

शेवटचा भाग यायचा तर मालिकाच बंद पडली. चॅनेलला प्रेक्षक मिळेनात. प्रकाशकाचा फोन आला, "चाचा, संपवा कसंही." इकडे मावशी पाटी उतरवून विचारत होत्या, "चाचा, ती पोर घरी आली का न्हाई?"

"ठावं न्हाई, मावशी."

"तुमाला न्हाई तर कुनाला ठावं असनार?"

जन्मात पहिल्यांदा चाचांना काहीतरी मनाने लिहायचं होतं. त्यांनी टीव्ही बंद ठेवला. गिऱ्हाइकं आली की लगेच चिक्की मिळू लागली, त्यानेच बाजार चरकला. चाचा कोऱ्या कागदाकडे बघत बसत, लिहीत, फाडत. अखेर एका दुपारी त्यांनी एकच पान माझ्या टेबलावर ठेवलं आणि नजरेला नजर न देता निघून गेले. त्यात विजांचा कडकडाट नव्हता, तीनदा चेहरा नव्हता. लेक दारात येते. बाप रडत नाही, रागावत नाही. एवढंच म्हणतो, "पाय धू. भाकरी गरम हाय." ते टाइप करताना माझे डोळे भरून आले. चाचांच्या लिखाणाने मी हसले होते पुष्कळदा, रडले त्याच दिवशी.

पुस्तक निघालं. वर्षभराने तीच मालिका मोबाईलच्या कुठल्याशा ॲपवर पुन्हा आली, या वेळी शेवटासकट. मालिकावाल्यांकडे शेवट नव्हता आणि चाचांच्या पुस्तकात तयार होता. पडद्यावरचा बाप म्हणाला, "पाय धू. भाकरी गरम हाय." पुस्तक वर्षभर आधीचं, हे कुणाच्या ध्यानीही आलं नाही. सगळा बाजार चाचांना शाबासकी द्यायला लोटला. "वा चाचा, भाकरीसकट! हुबेहूब उतरवलंत!" मी भांडायला उठले, तर चाचांनी डोळ्यांनीच दटावलं आणि सगळ्यांना चिक्कीचा तुकडा वाटला. मला भयंकर राग आला. अजूनही येतो.

पुढच्या उन्हाळ्यात चाचा गेले. मयतीला आलेल्यांच्या तोंडी तोच शब्द, हुबेहूब. खरं सांगायचं धाडस मला चाचींपुढेही झालं नाही.

चाचांचा चाळिसावा दिवस झाल्यावर हिरामावशी चाचींना भेटायला आल्या. मीही तिथेच होते. त्यांच्याबरोबर एक बाई होती, कडेवर मूल. त्यांची लेक. तिने वाटेत मावशींना मोबाईलवर मालिकेचा शेवट दाखवला होता, आणि मावशी तणतणतच घरात शिरल्या.

"काय मानसं ही! समदं चाचांचं बघून केलंय. हुबेहूब!"

चाचींचा डाळीतला हात थांबला. "चाचांचं?"

"मग कुनाचं? मी तवाच वाचलंय की, हे यायच्या लय आदी." मावशींनी लेकीकडे पाहिलं. "ही दारात आली तवा मला काय बोलावं सुचंना. मी बी चाचांचंच बोलले. पर मी दुकानात येऊन चाचांना सांगितलं, की बाबा, तुमचं वापरलं. ह्या मालिकावाल्यांनी इचारलं तरी का?"

"मग ते काय म्हनले?" चाचींनी विचारलं.

"म्हनले, वापरा की. घर तुमचंच हाय."

चाचींनी डाळ निवडायचं सूप बाजूला सारलं आणि त्या मावशींच्या लेकीला म्हणाल्या, "उभी का बाय? पाय धू."