तारांच्या चाकातली हवा

आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत दर रविवारी सकाळी सहा वाजता एक गृहस्थ पार्किंगमध्ये चिलखत चढवतात. गुडघ्याला कवच, कोपराला कवच, पाठीला कवच, हातमोजे, आणि एवढा जामानिमा करून मोटारसायकलीवरून जातात कुठे, तर मिसळ खायला. बरोबर त्यांच्यासारखेच आठ-दहा जण. दहा वाजेपर्यंत परत येतात, ढेकर देतात आणि दिवसभर एकमेकांना फोटो पाठवतात. मी निवृत्त झाल्यापासून गॅलरीत चहा घेऊन हा सोहळा बघत आलो आहे. माझ्या रविवारची सुरुवात त्याशिवाय गोड होत नाही, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

हेच गृहस्थ एकदा माझ्या मुलीच्या मोटारसायकलीभोवती फिरले, चाकावर बुटाचं टोक आपटलं आणि मला म्हणाले, "काका, ट्यूबलेस नाही? कुठल्या जमान्यात आहात?"

चाळिशी उलटलेला माणूस मला काका म्हणतो तेव्हा माझं डोकं फिरतं. पण त्या दिवशी मी गप्प बसलो, कारण विषय माझ्या घरात आधीच पेटलेला होता.

मुलगी फिजिओथेरपिस्ट आहे. घोटीच्या एका छोट्या दवाखान्यात काम करते. तिच्याकडे भातलावणी करून कंबर आणि गुडघे गेलेल्या बायका येतात. तिला नाशकात नोकरी मिळत होती, पण ती म्हणाली की इथे जिमवाल्यांचे खांदे दाबत बसण्यापेक्षा तिथे बरं. रोज महामार्गाने जाते-येते. गाडी तिने स्वतःच्या पगारातून घेतली आणि घेताना मला विचारलं नाही. दिसायला जुन्या पद्धतीची, तारांची चाकं. तारांच्या चाकात ट्यूब लागतेच, कारण प्रत्येक तार रिममध्ये जिथे निपलने, म्हणजे बारक्या नटाने, आवळलेली असते तिथे एक भोक असतं आणि तेवढ्या भोकांतून हवा कोण कोंडून ठेवणार? अन् ट्यूबमध्ये खिळा घुसला की हवा फुस्सकन जाते. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा तसाच अडकून बसतो, हवा हळूहळू जाते, माणूस घरी पोचतो. फरक एवढाच, पण महामार्गावर संध्याकाळी एकट्या मुलीसाठी तो फार मोठा.

एका महिन्यात तिची गाडी दोनदा पंक्चर झाली. एकदा विल्होळीजवळ, एकदा वाडीवऱ्ह्याच्या अलीकडे. दुसऱ्या वेळी तिने दीड तास गाडी ढकलली. घरी आली तेव्हा तिच्या आईने ताट वाढलं आणि शांतपणे सांगितलं, "आणखी एकदा रस्त्यात अडकलीस तर ती नोकरी सोडायची. नाशकात बघ." आमच्या घरात आरडाओरडा मी करतो, पण शब्द हिचा चालतो. मुलीने ताटाकडे बघत मान हलवली. तिला ती नोकरी किती हवी होती ते त्या मान हलवण्यात दिसत होतं.

म्हणून मी ठरवलं की तिची तारांची चाकं ट्यूबलेस करायची. आतून प्रत्येक निपल सील करायचं, वरून टेप लावायची, ट्यूब फेकून द्यायची.

हे करणारे लोक आहेत. त्यांचे व्हिडिओ मी आठवडाभर पाहिले आणि माझा माणूसजातीवरचा उरलासुरला विश्वास उडाला. एकजण रिम नीट न पुसताच सीलंट ओतत होता. दुसरा हातात सोन्याचं कडं घालून काम करत होता. तिसऱ्याचं अर्धं बोलणं "मित्रांनो"मध्येच संपत होतं. मी सातपूरच्या एका कारखान्यात सारं आयुष्य टूलरूममध्ये काढलं आहे. केसाच्या जाडीच्या फरकासाठी मी तयार झालेले भाग भंगारात टाकलेले आहेत. मला ह्या पोरकट मंडळींकडून शिकायचं काहीच नव्हतं, फक्त कोणतं सीलंट वापरतात तेवढं बघून घेतलं.

चाकं आधी सरळ करून घ्यायला हवी होती. एकदा सील केल्यावर तारा ओढता येत नाहीत. त्यासाठी मी घोटीच्या एका मिस्त्रीकडे गेलो. मुलीच्या दोन्ही पंक्चरांची रस्त्यात लावलेली कच्ची ठिगळं नंतर त्यानेच नीट केली होती. मूळचा मालेगावचा, साठीचा माणूस. तिथे सायकली आणि रिक्षांची चाकं बांधत मोठा झालेला. त्याने चाक फिरवलं, डोळा बारीक केला आणि दहा-बारा तारा आवळून अर्ध्या तासात चाकाचा आउट, म्हणजे डगमग, काढून दिला. काम चोख होतं. मी तोंडाने तसं म्हणालो नाही.

मी काय करणार आहे ते ऐकल्यावर तो म्हणाला, "साहेब, नका करू. ही रिम ट्यूबची हाय. आत कडेला उठाव नाय. हवा कमी झाली ना, तर टायर कडेवरून सटकतं."

"हवा कमीच होणार नाही," मी म्हणालो.

"मग अल्लाची मर्जी," तो म्हणाला आणि दुसऱ्याच्या सायकलीकडे वळला.

मला वाटलं, ह्याला पंक्चरचं गिऱ्हाईक जाण्याची भीती. रस्त्याकडेला बसणाऱ्या माणसाला दुसरं काय सुचणार? हा विचार माझ्या डोक्यात आला होता हे मी इथे लिहून ठेवतो. टाळून पुढे जाणं सोपं होतं.

चाकांना मला चार दिवस लागले. पहिल्या दिवशी रिमचा आतला भाग तारेच्या ब्रशने घासला, सॅंडपेपर मारला, थिनरने पुसला. दुसऱ्या दिवशी एकेका निपलवर सीलंटचा थेंब, काडीने दाबून, बुडबुडा राहू न देता. पुढचं चाक झाल्यावर पाठ धरली, तरी मागचं उरकलं. मग पूर्ण एक दिवस कुणालाही हात लावू दिला नाही. मग टेप, नवा व्हॉल्व्ह, ट्यूबलेस टायर. हवा भरली, साबणाचं पाणी फिरवलं. एक बुडबुडा नाही. सकाळी पुन्हा हवा मोजली, काटा जागचा हलला नव्हता.

चिलखतवाले गृहस्थ खाली आले, वाकले आणि "काका, कडक!" म्हणाले. मी त्यांना तिथेच पकडून पाऊण तास सगळं समजावून सांगितलं. त्यांना मिसळीला उशीर होत होता हे मला दिसत होतं, म्हणून मी आणखी सावकाश सांगितलं. पुढच्या रविवारी त्यांच्यातल्या दोघांनी मला आपापली चाकं करून देता का म्हणून विचारलं. मी नाही म्हणालो. तुमच्यासारख्यांच्या चाकांना हात लावायला मला वेळ नाही, असं म्हणालो नाही, पण चेहऱ्यावर ते असावं.

मुलीने गाडी चालवून बघितली. "छान झालंय बाबा," म्हणाली.

पुढे खंडेनवमी आली. कारखान्यात त्या दिवशी आम्ही मशीन बंद ठेवून डिझेलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने सगळं पुसून काढायचो. दांडे, स्लाइड, चक, प्रत्येक खाच. लोखंड असं लखलखायचं की झेंडूचा हार घालताना हात आखडायचा. निवृत्तीनंतर मशीन राहिली नाही, तेव्हा मी घरातल्या गाड्या पुसतो. त्या दिवशीही मी डिझेल आणलं आणि मुलीच्या गाडीची एकेक तार पुसली. निपलजवळ मळ साचतो म्हणून तिथे बोळा दाबून, पिळून, डिझेल आत मुरेपर्यंत घासलं. मग हळदकुंकू, हार, नारळ. चाकं चांदीसारखी दिसत होती.

त्या सीलंटला डिझेल चालत नाही. ते फुगतं आणि धातूपासून सुटतं. हे टूलरूममधल्या कुठल्याही शिकाऊला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. मलाही माहीत होतं. पण दरवर्षीच्या सवयीने पूजेला बसलेल्या माणसाला ते आठवलं नाही. निपलच्या आट्यांमधून डिझेल आत झिरपलं, आणि मी हात जोडून उभा होतो.

दिवाळीच्या आधी मुलगी एका संध्याकाळी डाव्या हाताला बॅंडेज बांधून घरी आली. दवाखान्याच्या आवारात गाडी लावताना रेतीवर घसरले, म्हणाली. मी तिला गाडी वळवताना पाय कसा टेकवायचा आणि पुढचा ब्रेक का दाबायचा नाही ह्यावर तासभर बोललो. नंतर पार्किंगमध्ये चिलखतवाल्यांनाही सांगितलं की आजकालच्या मुलांचं लक्ष नसतं, गाडी कितीही चांगली करून द्या. ते हसले. मला वाटलं, पटलं त्यांना.

त्यानंतर दोन महिने मी जो भेटेल त्याला सांगत होतो की माझी मुलगी तारांच्या चाकांवर ट्यूबलेस फिरते आणि तेव्हापासून एकदाही पंक्चर नाही. बॅंकेत सांगितलं, दाढी करताना सांगितलं, एका लग्नात पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला सांगितलं. त्या बिचाऱ्याला जिलेबी वाढून घ्यायची होती.

जानेवारीत एका रविवारी मी तिच्या गाडीची चेन साफ करायला बसलो. मागचं चाक हाताने फिरवत होतो आणि व्हॉल्व्ह समोर आला. मी बसवलेला आखूड होता, रबरी बुडाचा. हा लांब होता आणि त्यावर रिमला टेकलेली चकती होती. ट्यूबचा व्हॉल्व्ह. पुढचं चाक बघितलं. तिथेही तोच. मी जमिनीवर बसकण मारली. आजूबाजूला कुणी नव्हतं ते बरं झालं.

वर गेलो. दोघी स्वयंपाकघरात मटार सोलत होत्या.

"ट्यूब कुणी टाकली?"

मुलीने आईकडे बघितलं. आईने शेंगेवरून नजर न उचलता म्हटलं, "सांग आता."

"दिवाळीच्या आधी," मुलगी म्हणाली, "वाडीवऱ्ह्याच्या पुढे. सकाळी घरून निघाल्यापासूनच गाडी जड वाटत होती. वळणावर टायर रिमवरून सुटलं आणि मी पडले. मागून टेम्पो येत होता, त्याने कसाबसा ब्रेक मारला. त्यातल्याच माणसांनी गाडी चढवली आणि घोटीला नेली. मिस्त्रीचाचांनी दोन्ही चाकांत ट्यूब टाकून दिली. पंक्चर काढायलाही शिकवलं. आता मी माझं मीच काढते, दोनदा काढलंय."

तिच्या आईला हे त्याच दिवशी माहीत होतं. नोकरी सोडायची अटही हिने तेव्हाच मागे घेतली होती. पोरगी रस्त्यावरून उठून परत कामाला गेली, आणखी काय बघायचं, असं तिचं म्हणणं. दोघींनी बसून सगळं मिटवलं होतं आणि मला कळवायची गरज कुणाला वाटली नव्हती. इतके दिवस मी त्यांच्या समोर जेवताना माझ्या सीलंटची कीर्ती सांगत होतो आणि त्या भात कालवत होत्या.

मुलीने डाव्या हाताची बाही वर केली. कोपरापासून जवळजवळ मनगटापर्यंत कातडी गुलाबी आणि चुरगळलेली होती. बॅंडेजखाली हे होतं. मी तेव्हा बॅंडेज सोडून बघितलंच नव्हतं.

मी तिच्या हाताकडे बघितलं. खरंच बघितलं. आणि माझ्या तोंडून शब्द निघाले, "पुढचं सुटलं की मागचं? आणि सीलंट निपलवरून निघालं होतं की टेपखालून?"

मुलीने बाही खाली केली, मनगटापर्यंत नीट ओढून घेतली.

"म्हणूनच नाही सांगितलं, बाबा," ती म्हणाली.