माळावरचा कॉसमॉस

यवतमाळहून दिग्रसची एसटी सकाळी सातला सुटली. बावीस वर्षांपूर्वी दिग्रसच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवत होते. बदली झाल्यावर पुण्याला गेले, ती आजच परत येत होते. कविता तेव्हा माझी विद्यार्थिनी होती, आता स्वतः शिक्षिका आहे. तिचा फोन आला होता. तिच्या तांड्यानं (बंजारा वस्तीनं) गायरानावर पुन्हा गवत आणायचं ठरवलं होतं. काय उपटायचं आणि काय राखायचं, ते मी येऊन दाखवावं असं तिचं म्हणणं होतं.

दिग्रसच्या स्टँडवर कविता घ्यायला आली होती, तिथून ऑटोनं आम्ही तांड्यावर पोचलो. कविताची आई सोनाबाई साठीच्या पुढची, मोजकं बोलणारी. तिनं भाकर आणि अंबाडीची भाजी वाढली, मी जेवेपर्यंत समोर बसून राहिली आणि मग पुढं होऊन गायरानाच्या माळाची वाट दाखवू लागली.

माझ्या आठवणीतला माळ कमरेइतक्या पवन्या गवताचा होता. आता खालच्या अंगाला गाजरगवत होतं, उतारावर रानतुळस, आणि माथ्यापर्यंत नारिंगी फुलांचा कॉसमॉस. मी गुडघ्यांवर बसून शोधू लागले. विष्णुक्रांतेची बारीक निळी फुलं सापडली. दगडांच्या आडोशाला पवन्याचे चार ठोंब तग धरून होते. तांड्यावरच्या बायकांनी आधीच उपटलेल्या ढिगात कुर्डूचे गुलाबी तुरेही गेले होते. हे इथलंच आहे, हे राहू द्या, असं मी सांगितलं. एक बाई ओशाळून म्हणाली की घाईत हाताला येईल ते उपटलं.

सोनाबाईनं कॉसमॉसचं एक झाड मुळासकट माझ्यापुढं धरलं.

"बाकीचं सोडा. हे कुठून आलं ते सांगा, बाई. माह्या सासूच्या वक्ताले नव्हतं. गाय तोंड नाही लावत याले."

चारा नाही म्हणून तिनं शेवटची गाय फुलसावंगीच्या भावाकडं धाडली होती.

कविता खाली बघत होती. बावीस वर्षांपूर्वी ती माझ्याच वर्गात होती. रोपवाटिकेतून बियांच्या पुड्या आणून मी मुलांना या माळावर घेऊन आले होते आणि मुठी भरभरून बिया टाकायला लावल्या होत्या. उजाड माळ फुलांनी सुंदर होईल, असं मी त्यांना सांगितलं होतं. गवताच्या माळाला उजाड म्हणणारी मी एकटीच होते.

"मी आणलं, सोनाबाई," मी म्हणाले. "तुमच्या पोरींच्या हातांनी मीच टाकायला लावलं."

सोनाबाईनं गोर बोलीत (बंजारा भाषेत) कविताला काहीतरी विचारलं. मी काय ते सांग म्हटल्यावर कविता म्हणाली, "याडी (आई) विचारते, तुम्ही किती दिवस राहणार आहात."

माझं परतीचं तिकीट दुसऱ्या दिवसाचं होतं. ते रद्द करून मी पाच दिवस राहिले. बायकांना मी रीत दाखवली: बी धरण्याआधी उपटायचं, आणि माथ्यापासून खाली यायचं, म्हणजे वरचं बी वाहून साफ केलेल्या जागेत येत नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या तळहातांना फोड आले. सोनाबाईनं जुन्या लुगड्याची चिंधी बांधून दिली. पाचव्या दिवशी एक कोपरा मोकळा झाला. माळ केवढा आणि तो कोपरा केवढा!

निघताना मी तिची माफी मागितली. पडलेलं बी जमिनीत राहतं, अजून दोन-तीन पावसाळे तरी उपटावं लागेल, हेही सांगितलं.

"माफीचं मले काय समजते," ती म्हणाली. "पुढच्या साली या. हात पायजेत."

परतीच्या एसटीत शेजारी एक तरुण बाई बसली होती. दारव्ह्याच्या अलीकडं रस्त्याच्या दोन्ही कडा नारिंगी दिसल्या, तसा तिनं मोबाइल काढून फोटो घेतला. किती छान फुलं आहेत, नाव काय यांचं, बी मिळेल का कुठं, असं तिनं विचारलं. बावीस वर्षांपूर्वी मला नेमकं हेच वाटलं होतं. तेव्हा मला कुणी थांबवलं नाही, कारण मी कुणाला विचारलंच नव्हतं. मी तिला नाव सांगितलं, आणि मग यवतमाळ येईपर्यंत बाकीचंही सांगितलं.