पोत्यातले पिवळे तुकडे

आमच्या शंकाकाकाला कुणी दूध दिलं तर तो आधी गवळ्याचे हात ओले आहेत का बघेल. युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये तीस वर्षं त्याने काँक्रीटचे ठोकळे फोडले. बाहेरची बांधकामवाली मंडळी प्राध्यापकांकडे सल्ल्याला यायची. त्यांचे ठोकळे आधी सल्लासेवा कक्षात नोंदवायचे, मग काका त्यांवर रंगाने नंबर टाकून ते हौदात बुडवणार, दिवस भरले की यंत्रात घालून फोडणार आणि तुकडे पोत्यात भरून ठेवणार. 'चाचणी माझ्यासमोर झाली' याखाली काकाची सही पडल्याशिवाय कक्ष अहवालावर शिक्का मारत नसे.

एकदा काका दोन दिवस रजेवर होता. परतला तोच सल्ल्याचं काम बघणाऱ्या प्राध्यापक सरांनी कागद पुढे केला. एका शाळेच्या छताच्या सहा ठोकळ्यांचा अहवाल, सगळे पास.

"माझ्यासमोर कुठं झालं, सर?"

"मी फोडले की. पोतं कोपऱ्यात आहे. चारच्या आत सही करून कक्षात द्या, काका." आणि सर मीटिंगला गेले.

काकाने आकडे वाचले. सहाच्या सहा एकसारखे. एका आईची सहा पोरं, तरी एकाचं नाक दुसऱ्याला येत नाही. इथं सगळी नाकं साच्यातून काढलेली! त्याने पोतं उपडं केलं. तुकड्यांवर पिवळा रंग.

पिवळ्याचा डबा वाळून दगड झाला त्याला दोन महिने झाले होते. तेव्हापासून काका लाल वापरत होता. ही गोष्ट ठाऊक दोघांनाच, एक काकाला नि दुसरं ब्रशला.

त्याने घरी फोन लावला. बायको म्हणाली, "तीन महिन्यांत घरी बसायचंय. कशाला नसतं झेंगट? करा सही नि मोकळे व्हा."

"अगं, उद्या छत खाली आलं तर सरांना बोलता येतं. मला नुसती सही येते."

फोन ठेवून त्याने बाही वर सारली आणि हौदात हात घातला. बुळबुळीत तळाशी एक, दोन, करत सहा लागले. सहाही लाल, सहाही धडधाकट.

तो कक्षातल्या कारकून ताईला घेऊन आला.

"काय काका, आज कुणावर शंका?"

"हौदावर. बसा, आकडे लिहा."

पाच ठोकळे खणखणीत आवाज करून फुटले. सहावा निम्म्या दाबाला ढेकळासारखा विस्कटला.

"यंत्र बिघडलं असेल का हो?" ताईने हळूच विचारलं.

"शंका मी घेतो. तुम्ही लिहा."

नव्या कागदावर काकाने सही केली. ताईने कक्षात जाऊन शिक्का ड्रॉवरमध्ये टाकला; सरांचा अहवाल अडला.

चारला सर आले. टेबलावरचे लाल तुकडे बघून पांढरे पडले. "काका, आधी मला विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर हौद रिकामा सापडला असता."

सरांनी आळस केला, की सहावा कच्चा आहे हे त्यांना आधीच माहीत होतं? काकाला ते अजून ठरवता आलेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने हौदावर जाळी टाकून कुलूप लावलं. किल्ली बायकोकडेसुद्धा देत नाही.